वाणातलं झाड हिरवं का निघालं

मंडळी, पुढे या. पंखा मागच्या रांगेवर आहे हे मलाही माहीत आहे, पण माझा आवाज तिथवर पोचत नाही. विषय दिलाय 'रंगीत पानांच्या झाडांची घरच्या घरी रोपं', वेळ दिलाय २५ मिनिटं, आणि त्यातली सात सत्कारात गेली. नारळ मिळाला, तेव्हा तक्रार नाही.

मी वनस्पतिशास्त्राची कुणी नाही. ३२ वर्षं बँकेत काउंटरला होते. तिथे एक खोड लागली, हिशेब जुळला नाही की झोप येत नाही. असाच एक न जुळलेला हिशेब घेऊन आलेय.

ते झाड तुम्हा सगळ्यांकडे आहे. तलवारीसारखी उभी पानं, मधे हिरवे पट्टे, दोन्ही कडांना पिवळी किनार. स्नेक प्लांट. इंग्रजीत त्याला सासूची जीभही म्हणतात. आमच्याकडे ते सासूबाईंनीच आणलेलं, त्यामुळे ते नाव घरात कधी उच्चारलं गेलं नाही. मधे शास्त्रज्ञांनी त्याचं आडनावही बदललं, सॅन्सेव्हिएरियाची ड्रॅसीना केली. लग्न कुणाशी लागलं विचारू नका.

तर एका नवरात्रात ठरवलं, यंदा संक्रांतीच्या वाणाला प्लॅस्टिकचे डबे नकोत, झाड द्यायचं. दोन-दोन फुटांची चार पानं कापली, एकेकाचे सहा तुकडे केले, दोन दिवस सावलीत सुकवले आणि वाळू-कोकोपीटमध्ये खोचले. २४ पैकी पाच गेले. त्यातले तीन मी उलटे खोचले होते! तुकड्याची खालची बाजू खालीच जायला हवी, नाहीतर मुळ्या धरत नाही. आता मी कापतानाच खालच्या कडेला खाच पाडून ठेवते. १९ जगले. जानेवारीपर्यंत खाली मुळ्या, वर पिवळी किनार शाबूत. मातीच्या इवल्या कुंड्या, त्यांना हळदीकुंकवाची बोटं. १८ वाटल्या, एक ठेवून घेतली. काय कौतुक झालं म्हणता!

पावसाळा आला. गौरी-गणपतीच्या सुमारास पहिला फोन. "अहो, तुमच्या झाडाला पिल्लू आलंय, पण साधंच हिरवं." मी म्हटलं, उजेड कमी पडत असेल. मग दुसरा फोन. तिसरीने लिफ्टमध्ये गाठलं. दसऱ्यापर्यंत सोसायटीत पक्कं झालं की किनारीचं झाड मी स्वतःला ठेवलं आणि बायकांना हलकं दिलं. कर्ज थकवलेलं लोक विसरतात हो, वाणातली खोट सुनेच्या सुनेला सांगतात. त्यातल्या दोघी आत्ता दुसऱ्या रांगेत आहेत आणि हसतायत, म्हणजे मिटलं असावं. मी शेवटी ती एकोणिसावी कुंडी उचलली आणि जिने चढत घरोघर दाखवली, बघा, माझंही हिरवंच! एकीने काय म्हणावं? "अगंबाई, म्हणजे तुम्हालाही फसवलं?"

कुणी ते शोधायला मला दोन वर्षं लागली. कुणीच नाही. या झाडाच्या कोंबाचा शेंडा मोदकासारखा असतो, वरची पारी वेगळी, आतलं सारण वेगळं. दोन्ही त्याच झाडाच्या पेशी, पण पारीतल्या पेशींना कधीकाळी झालेल्या बिघाडामुळे हरितद्रव्य नीट करता येत नाही, सारणातल्यांना येतं. पान घडताना कडा पारीतून येते आणि मधला भाग सारणातून. म्हणून किनार. अशा दुहेरी संसाराला कायमेरा म्हणतात. १९०७ साली हान्स विंकलर या जर्मन शास्त्रज्ञाने टोमॅटो आणि कांगुणी, म्हणजे काकमाची, यांच्या कलमातून दोघांच्या पेशी एकत्र नांदणारा कोंब मिळवला, तेव्हा त्याने हा शब्द वापरला. दोन वर्षांनी एर्विन बाउरने जिरेनियमच्या पांढऱ्या किनारीचं कोडं अशाच थरांनी सोडवलं.

आता पानाचा तुकडा खोचलात की नवा कोंब त्या तयार शेंड्यातून येत नाही. पानाच्या आतल्या हिरव्या पेशींतून नव्याने घडतो. पारी आलीच नाही तर मोदक कुठला? सारणाचा लाडू. माझी १८ वाणं म्हणजे १८ लाडू.

आणि १९०९ सालीच कार्ल कॉरेन्सने गुलबक्षीवर काम प्रसिद्ध केलं. हो, आपली संध्याकाळी फुलणारी! एकाच झाडावर हिरव्या, पांढऱ्या, चट्टेरी फांद्या. पराग कुठल्याही फांदीचा घाला, रोपाच्या पानांचा रंग ज्या फांदीवर बी धरलं तिच्यावर जातो. बापाचं काही चालत नाही. पुरुषमंडळींनी हे... चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

रोपं कशी करायची, ज्यासाठी तुम्ही आलात. स्नेक प्लांटचं पान नको. कुंडीतून झाड काढा, मातीत आडवा गड्डा दिसेल. कोंब आणि मुळ्या असलेला भाग धारदार सुरीने वेगळा करा, एक-दोन दिवस सुकवा, लावा, आठवडाभर पाणी नको. किनार तशीच राहते, कारण शेंडा जुनाच असतो.

मनीप्लांट, मॉन्स्टेरा. ऊस लावलेल्यांना सांगायला नको, डोळा लागतो. मनीप्लांटचं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलंत तर मुळ्या फुटतील, महिनोन्‌महिने टवटवीतही दिसेल, वेल मात्र येणार नाही. पेराच्या खाली बोटभर कापा. पान बघून भुलू नका, डोळ्यापाशी खोडावर पांढरी-पिवळी रेघ आहे का बघा. हिरव्या कांड्यावरचा डोळा बहुधा हिरवंच देतो. पांढऱ्यावरचा पांढरं, आणि ते स्वतःचं अन्न करू शकत नाही. मी अठराशे रुपये मोजून असं पांढरंशुभ्र मॉन्स्टेराचं कलम मागवलं होतं. दीड महिना. पुढचं विचारू नका.

मधेच पूर्ण हिरवी फांदी आली तर लाड नकोत. ती जोरात वाढते आणि बाकीच्यांना दाबते. रंगीत पानापर्यंत मागे छाटा. उजेड भरपूर, दुपारचं ऊन नको. पान लावू नका म्हटलं त्याला रेक्स बिगोनिया अपवाद, तिची चंदेरी चमक पानाच्या सालीखालच्या हवेची असते, म्हणून पानातूनही तशीच येते. कोलियसचं सांगायचं होतं, पण दुसरी चिठ्ठी आली.

जाता जाता. मागच्या टेबलावर त्या एकोणिसाव्या कुंडीची नऊ पिल्लं ठेवलीत, घेऊन जा. हिरवी आहेत. कुंडीवर मार्करने तसं लिहिलंय, शेजारी वही आहे, सही केल्याशिवाय मिळणार नाही.