पिशवीवरचा नंबर, नाण्यावरची खूण

(दृश्य: वाशीम जिल्हा, मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. जूनची सकाळ. कृषी केंद्राचं शटर वर जातं.)

मृग लागला की या दुकानात दुसरा विषय नसतो. कोणतं वाण, कोणता लॉट, पिशवी केवढ्याला. कपाशीचं बियाणं घेणारा आधी लेबल वाचतो, मग लॉट नंबर बिलावर चढला की नाही ते पाहतो. पेरणी झाली तरी रिकामी पिशवी फेकत नाही. उगवण झाली नाही तर तक्रार त्याच नंबरावर करायची असते.

गल्ल्याजवळ बसलेली ही दुकानदाराची मुलगी. दहावीला आहे, नाणी जमवते. रात्री हिशेब झाला की दिवसभराची चिल्लर ताटात ओतून तिच्यासमोर येते.

(जवळून: ताटातली नाणी. बोट एका नाण्याच्या सालाखाली थांबतं.)

इथे पाहा, सालाच्या खाली. छोटा हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका नोएडाचा. आणि काहीच नसेल तर? पहिल्यांदा वडिलांनीच विचारलं होतं, "मंग हे नकली हाये काय?"

"नाही बाबा, कोलकात्याचं हाये."

कोलकात्याची टांकसाळ खूण घालत नाही. नवशिके इथेच फसतात. खूण नसलेलं नाणं ‘दुर्मीळ’ म्हणून चढ्या भावाने विकणारेही भेटतात.

गल्ल्यातून परदेशही निघतो. १९८५ च्या एखाद्या रुपयावर सालाजवळ बारीक ‘एच’ दिसतो. तो रुपया इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेला. १९९९ च्या काही पाच रुपयांवर रशियन लिपीतली तीन अक्षरं आहेत, ती मॉस्कोची. देशात नाणी कमी पडत होती, म्हणून सरकारने ती बाहेरून पाडून घेतली.

(दृश्य: तऱ्हाळ्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी वावरं.)

याच तालुक्यात तऱ्हाळा आहे. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे सोळाशे नाण्यांचा. एका बाजूला हत्ती आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चारही टोकांना वर्तुळं. साल नाहीच. राजाचं नाव वाचता आलं तर काळ लागतो. जाता जाता एक सांगायलाच हवं: नांगराला असं काही लागलं तर ते घरी नेण्याची गोष्ट नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारला कळवावं लागतं.

(दृश्य: दुकानाचा माळा. मोबाइलचा उजेड.)

तिचा मामा अमेरिकेत असतो. त्याने फोनवर विचारलं, "काय आणू वं तुह्यासाठी?" तिला चांदीचा ईगल हवा होता, म्हणजे गरुडाचं चित्र असलेलं अमेरिकेचं नाणं, २०२१ चं, नव्या चित्राचं. अमेरिकेच्या टांकसाळीत प्रत्येक विक्रीच्या वस्तूला कोड असतो. पहिले दोन आकडे सालाचे, पुढची अक्षरं वस्तूची. २१-आर-जी म्हणजे २०२१ चा प्रूफ संच, संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्यांचा. आर-एच म्हणजे चांदीचा प्रूफ संच, आर-जे म्हणजे चलनात न गेलेल्या नाण्यांचा. साल बदललं की आकडे बदलतात, ही अक्षरं तीच राहतात.

तिने मामाला कोड पाठवला: २१-ई-ए.

(जवळून: निळी डबी उघडते.)

नाणं सुंदर आहे. प्रूफ म्हणजे साचा घासून आरशासारखा केलेला. मागची जागा चकचकीत आणि आकृती दह्याच्या सायीसारखी मंद. वजन ३१.१ ग्रॅम, सोनाराच्या आजच्या तोळ्याने तीन तोळे आणि वर थोडं. पण उलटवलं तर जुनंच चित्र, ढाल घेतलेला गरुड. तिला हवा होता फांदी घेऊन घरट्याकडे उतरणारा. त्या वर्षी चित्र मध्येच बदललं, म्हणून एकाच सालाचे दोन प्रकार निघाले. नव्याचा कोड २१-ई-ए-एन. शेवटचा ‘एन’ तिच्या हातून राहिला.

मामाने विक्रेत्याला कोड सांगितला, विक्रेत्याने कोडाप्रमाणे दिलं. चूक कुणाची, हे दुकानातल्या कुणालाही सांगावं लागलं नाही.

दोन्ही कोडांच्या नाण्यांवर अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट टांकसाळीचा ‘डब्ल्यू’ आहे, त्यामुळे टांकसाळीची खूण वाचूनही हा फरक कळला नसता. उलटही घडतं. त्याच वर्षी निघालेल्या मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्यांपैकी एकावर ‘सीसी’ आहे, एकावर ‘ओ’. कार्सन सिटी आणि न्यू ऑर्लीन्स या जुन्या टांकसाळींच्या आठवणीखातर. प्रत्यक्षात दोन्ही फिलाडेल्फियात पाडलेले. कोड मात्र दोघांचे वेगळे, २१-एक्स-सी आणि २१-एक्स-डी.

कोड नाण्यावर कुठेच कोरलेला नसतो. तो यादीत असतो, मागणीच्या कागदावर असतो. म्हणून जुन्या बाजारात कोड बरोबर आणि डबीत भलतंच नाणं, असंही होऊ शकतं. पिशवी नामांकित आणि आत भेसळ, हे या दुकानाला नवीन नाही.

आपल्याकडेही असे संच सरकारी टांकसाळींच्या संकेतस्थळावरून मागवता येतात. तिने अजून मागवलेला नाही. आधी गल्ला संपवायचा आहे म्हणते.

(दृश्य: रात्र. शाळेची दोनशे पानी वही. पट्टीने आखलेले रकाने.)

साल. खूण. कोड. किती दिले. ईगलपुढे तिने लिहिलंय: ‘जुनं चित्र. एन राहिला.’ आजीने ते नाणं चिंचेने घासायला मागितलं होतं, म्हणून आता डबी कुलपात आहे.

वडील शटर ओढता ओढता वहीत डोकावतात.

"बिल ठेवलं ना?"

ती वहीचं शेवटचं पान उघडून दाखवते. बिल गमने चिकटवलेलं आहे.