वर्षाला एक डॉलर

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फोनवर संयोजकांनी विचारलं होतं, "ताई, कलेवर बोलाल ना?" मी म्हटलं, कलेवर बोलायला अधिकारी माणसं पुष्कळ आहेत, मी कलेच्या घरभाड्यावर बोलते. पलीकडे दोन क्षण शांतता. मग ते म्हणाले, "चालेल, आमच्या वाचनालयालाही तोच प्रश्न आहे."

मी हिशेबाची माणूस. लॉस एंजेलिसमध्ये राहते. आठवडाभर कंपन्यांचे ताळेबंद बघते आणि शनिवारी लहान सांस्कृतिक संस्थांना वह्या लावून द्यायला मदत करते. तिकडे बहुतेक धर्मादाय संस्थांना दरवर्षी सरकारकडे एक विवरणपत्र भरावं लागतं, फॉर्म ९९०. ते कुणालाही वाचता येतं. एखाद्या प्रदर्शनात चित्र कळलं नाही की मी घरी येऊन त्या संस्थेचा ९९० वाचते. बरंच काही कळतं.

लॅटिनो म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, मध्य आणि दक्षिण अमेरिका इथली मुळं असलेले अमेरिकन. त्यातल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी १९६०च्या दशकात चळवळ करताना स्वतःसाठी 'चिकानो' हे नाव अभिमानाने घेतलं. त्या चळवळीतून अमेरिकेच्या शहराशहरांत कलाकेंद्रं उभी राहिली. बरीच बंद पडली, काही पन्नाशी ओलांडून उभी आहेत. आज मुख्यतः एकाचीच गोष्ट सांगणार आहे, कारण पडणं, उठणं, बेघर होणं आणि घर घेणं हे सगळं त्या एकाच संस्थेने करून दाखवलं.

साल १९७०. ऑगस्टच्या २९ तारखेला ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानो लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांनी तो उधळला, आणि रुबेन सालाझार हा पत्रकार एका बारमध्ये बसलेला असताना अश्रुधुराचं नळकांडं लागून मारला गेला. त्याच वर्षी, त्याच वस्तीत, एका गॅरेजमध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाची एक जोगीण, म्हणजे नन, स्क्रीन प्रिंटिंग करायला लागली. सिस्टर कॅरेन बोकालेरो. बरोबर कार्लोस ब्वेनो आणि अँतोनियो इबान्येस हे मेक्सिकोहून आलेले दोन तरुण चित्रकार आणि आणखी काही मंडळी. थोड्याच वर्षांत त्याची नोंदणीकृत संस्था झाली. नाव सेल्फ हेल्प ग्राफिक्स अँड आर्ट.

स्क्रीन प्रिंटिंग आपल्याला नवीन नाही. आपल्या किती लग्नपत्रिका त्यातून निघाल्या असतील. लाकडी चौकट, ताणलेलं कापड, वरून रबरी पट्टीने ओढलेली शाई, आणि प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. महागडं यंत्र लागत नाही. मोर्च्याचं पोस्टर रातोरात निघतं. आणि हिशेबाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एका चित्राच्या अनेक प्रती निघतात. तैलचित्र एकच असतं, ते एकाच श्रीमंताच्या घरी जातं. इथे प्रत्येक प्रतीवर कलाकाराची सही, प्रत्येक प्रत अस्सल, आणि बसचालकालाही हप्त्याने परवडेल अशी.

यातून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जे बसवलं त्याला ते अतेलिये म्हणतात. निवडक चित्रकारांना बोलवायचं, त्यांच्या जोडीला कसलेला छपाईकार द्यायचा, शाई-कागद संस्थेचा. आवृत्ती निघाली की साधारण निम्म्या प्रती चित्रकाराच्या, निम्म्या संस्थेच्या. मंडळी, ही अर्धेली आहे. आपल्याकडे जमीन जशी अर्धेलीने कसायला देतात, तशी. फरक इतकाच की इथे मालक आणि कूळ दोघंही फाटके होते. संस्थेच्या वाट्याच्या प्रती काही विकल्या जायच्या, काही खणात राहायच्या. ज्या चित्रकाराला त्या वर्षी कुणी ओळखत नव्हतं, तो वीस वर्षांनी संग्रहालयात लागला की खणातल्या कागदाची किंमत वाढलेली असायची. अनुदानाच्या पैशाला हे जमत नाही. ते वर्षाअखेर संपतं.

झेंडूबद्दल एक सांगते. या केंद्राची सगळ्यात गाजलेली गोष्ट छापाची नाही, दिवंगतांच्या सणाची आहे. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात, त्यांच्या आवडीचं खाणं ठेवतात, झेंडूच्या फुलांनी वाट आखतात. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. लॉस एंजेलिसच्या चिकानो घरांतून ही चाल बऱ्यापैकी विरली होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्वेनो आणि इबान्येस यांनी सिस्टर कॅरेनच्या साथीने ती सार्वजनिक केली. एव्हरग्रीन दफनभूमीपासून केंद्रापर्यंत मिरवणूक, मुलांच्या तोंडावर कवट्या रंगवलेल्या. लोकांना वाटतं ही शेकडो वर्षांची अखंड परंपरा आहे. मेक्सिकोत असेलही. या शहरात ती एका संस्थेने पुन्हा पेरली, आणि त्यामुळे वर्षातून एकदा तरी वस्तीतला प्रत्येक माणूस केंद्राच्या दारापर्यंत यायला लागला. पुढे केंद्रावर वेळ आली तेव्हा धावून आली ती ही माणसं.

आता भाड्याकडे येते. १९७९मध्ये संस्था ब्रुकलिन ॲव्हेन्यूवरच्या एका मोठ्या इमारतीत गेली. त्या रस्त्याला आज सेझार चावेझ ॲव्हेन्यू म्हणतात. इमारत चर्चची, भाडं नाममात्र, वर्षाला एक डॉलर. एदुआर्दो ओरोपेसा या कलाकाराने दर्शनी भिंत फुटक्या काचा आणि मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवून टाकली. आतल्या सभागृहात १९८०च्या सुमाराला पंक संगीताचे, म्हणजे बंडखोर, दणदणाटी रॉकचे कार्यक्रमही व्हायचे. जोगिणीच्या केंद्रात पंक! सिस्टर कॅरेनबद्दल जे वाचलं-ऐकलं त्यावरून त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसावं.

एक डॉलर भाडं ही फार गोड गोष्ट असते आणि माझ्या धंद्यात आम्ही तिला घाबरतो. का, ते सांगते. ज्या संस्थेला भाडं नाही तिला आपला खरा खर्च कधी कळतच नाही. ताळेबंद सुरेख दिसतो. पण तो कुणाच्या तरी मर्जीवर उभा असतो, आणि मर्जीला ताळेबंदात रकाना नाही.

१९९०च्या दशकात दोन धक्के बसले. १९९६च्या अर्थसंकल्पात अमेरिकेच्या केंद्रीय कलानिधीची तरतूद सुमारे १६ कोटी डॉलरवरून १० कोटींच्या खाली आली. त्याची झळ देशभर लहान केंद्रांना लागली. आणि १९९७मध्ये सिस्टर कॅरेन गेल्या. सत्तावीस वर्षं एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली संस्था. कार्यकर्त्यांना मी नेहमी विचारते, चाव्या कुणाकडे आहेत? एकाच नावाकडे बोट गेलं की मी वहीत खूण करते.

२००५च्या उन्हाळ्यात संचालक मंडळाने एके दिवशी दारंच लावून घेतली. पैसा नाही, विमा नाही. ज्या कलाकारांनी तिथे उमेदवारी केली होती त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. ते रस्त्यावर जमले, वस्तीच्या सभा भरल्या, हे केंद्र नक्की कुणाचं यावर कडाक्याची भांडणं झाली. नंतर नव्या माणसांनी सूत्रं हातात घेतली आणि छपाई पुन्हा सुरू झाली. 'समाजाने चालवलेली संस्था' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. कायद्याच्या कागदावर समाज नावाचं कुणी नसतं, असतं ते संचालक मंडळ. समाज आणि मंडळ यांच्यातलं अंतर किती झालंय, हे अशा एखाद्या सकाळी कुलपाकडे बघून कळतं.

विम्यावर जरा थांबते, कारण ही रड सगळीकडची आहे. मी मदत करायची अशा एका छोट्या संस्थेत, नाव सांगत नाही, बँकेत भरपूर पैसे होते आणि विजेचं बिल थकलेलं होतं. तो पैसा एका भित्तिचित्राच्या प्रकल्पासाठी बांधलेला. त्यातला एक सेंट बिलाला वापरला तर दात्याच्या अटीचा भंग. दाते भित्तिचित्राला देतात, मुलांच्या शिबिराला देतात. विम्याच्या हप्त्यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही ना! म्हणून २०२१मध्ये अब्जाधीश दात्या मॅकेन्झी स्कॉट यांनी काही लॅटिनो कलासंस्थांना कोणतीही अट न घालता मोठ्या रकमा दिल्या, तेव्हा आम्हा हिशेबनीसांना रकमेपेक्षा त्या 'अट नाही'चं अप्रूप होतं. पण अशी लॉटरी धरून कुणी अंदाजपत्रक करू नये.

सरकारी पैशाची दोन रूपं पाहा. शिकागोत १९८२मध्ये कार्लोस तोर्तोलेरो, हेलन वाल्देस आणि त्यांच्या शिक्षक मित्रांनी ९०० डॉलर जमवून मेक्सिकन कलेच्या संग्रहालयाचा घाट घातला. १९८७मध्ये ते पिल्सन वस्तीतल्या बागेत, शहराच्या उद्यान मंडळाच्या इमारतीत उघडलं. आज ते नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट आहे आणि प्रवेश पहिल्या दिवसापासून फुकट. ते कसं परवडतं? एक कारण असं की शिकागोत उद्यानांच्या जागेवरच्या संग्रहालयांना मालमत्ता करातला वाटा मिळण्याची कायदेशीर सोय आहे. तोर्तोलेरो मास्तरांनी आपली संस्था मोठ्या, जुन्या, गोऱ्या संग्रहालयांच्या पंक्तीत नेऊन बसवली. अनुदान मागावं लागतं, कराचा वाटा हक्काने येतो.

दुसरं रूप टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचं. तिथल्या एस्पेरांसा पीस अँड जस्टिस सेंटरचं शहराचं अनुदान १९९७मध्ये नगरपरिषदेने पूर्ण तोडलं. संस्था समलिंगी लोकांचे चित्रपट महोत्सव भरवते, राजकारण करते, असा विरोधकांचा गिल्ला होता. संस्थेतल्या बायका कोर्टात गेल्या आणि २००१मध्ये केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला की शहराने घटनेचा भंग केला. निकाल यायला चार वर्षं लागली. त्या काळात संस्था जिवंत कशी राहिली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वस्तीतल्या बायकांची मातीकामाची सहकारी कार्यशाळा, दरवर्षी नोव्हेंबरअखेरचा हस्तकलेचा बाजार, आणि थोडे थोडे पैसे देणारी खूप माणसं. मे २०२५मध्ये केंद्रीय कलानिधीने देशभरातल्या कितीतरी संस्थांची मंजूर अनुदानं एका ईमेलने रद्द केली, तेव्हा मला या बायका आठवल्या.

परत लॉस एंजेलिसला. २००८मध्ये चर्चच्या तिथल्या धर्मप्रांताने सेल्फ हेल्प ग्राफिक्सची ती एक डॉलर भाड्याची इमारत एका खासगी गुंतवणूकदाराला विकून टाकली. आदल्याच वर्षी धर्मप्रांताने लैंगिक अत्याचाराच्या पीडितांशी ६६ कोटी डॉलरची तडजोड केली होती. मी संबंध जोडत नाही, फक्त तारखा शेजारी ठेवते. जवळजवळ तीस वर्षं ज्यांनी त्या वास्तूचं सोनं केलं त्यांच्या हातात विक्रीच्या वेळी काही नव्हतं. काचा-खापरांची ती भिंतसुद्धा व्यवहारात इमारतीबरोबर गेली.

२०११मध्ये संस्था बॉइल हाइट्स या वस्तीत फर्स्ट स्ट्रीटवर आली. नवा घरमालक होता शहराची पुनर्विकास संस्था. आता बरं झालं म्हणावं, तर २०१२मध्ये कॅलिफोर्निया राज्याने राज्यभरातल्या सगळ्या पुनर्विकास संस्थाच बरखास्त केल्या. एका घरमालकाने घर विकलं, दुसरा घरमालकच नाहीसा झाला. अशा संस्थांच्या मालमत्ता मग विक्रीला निघाल्या.

तोवर शेजारी मेट्रोचं स्टेशन झालं होतं, जमिनीचे भाव चढत होते, बाहेरच्या चित्रदालनांनी वस्तीत दुकानं मांडली होती. २०१६च्या सुमाराला इथल्या तरुण कार्यकर्त्यांनी त्या दालनांविरुद्ध मोहीम उघडली. कला आली की मागोमाग महाग कॉफी येते आणि मग आमचं भाडं वाढतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सेल्फ हेल्प ग्राफिक्सलाही सोडलं नाही. तुम्ही आमचे की त्यांचे, म्हणून याच केंद्राच्या दारात घोषणा झाल्या. जे केंद्र वस्तीने उभं केलं त्यालाच वस्तीने जाब विचारला. मला विचाराल तर त्या पोरांचं गणित बरोबर होतं, पत्ता थोडा चुकला. पण जाब विचारला गेला हे चांगलंच झालं. ज्या संस्थेला कुणी जाब विचारत नाही तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

२०१८मध्ये संस्थेने फर्स्ट स्ट्रीटची ती इमारत विकत घेतली. गॅरेजपासून अठ्ठेचाळीस वर्षांनी स्वतःचं घर. मी काही तिथली पदाधिकारी नाही, पण ती बातमी वाचून मी कार्यालयात पेढे वाटले. म्हणजे डोनट वाटले, तिथे तेच मिळतात.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, "मग आता प्रश्न सुटला ना?" काका, इमारत आपली झाली की तिचं गळकं छप्पर आपलं, भूकंपासाठीची डागडुजी आपली, अपंगांसाठीचा उतार आपला. आणि ताळेबंदात एक नवा शब्द येतो. घसारा. भाडेकरूला इमारतीचा घसारा दाखवावा लागत नाही. मालकाला दरवर्षी लिहावं लागतं की ही वास्तू एवढी झिजली, आणि शहाणा मालक त्याच्या शेजारी लिहितो की त्यासाठी एवढे बाजूला ठेवले. पहिला आकडा आमचं सॉफ्टवेअर काढून देतं. दुसरा आकडा मी गेल्या शनिवारी एका संस्थेच्या खजिनदारांना विचारला. ते हसले, आणि छापांचा खण उघडून दाखवला.