दहा दिवसांची मुदत

(दृश्य: बंद चर्चचे फाटक. बाहेर फुटपाथवर उभी माणसे.)

क्लीव्हलंड. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले शहर. २००९ च्या नोव्हेंबरात इथले सेंट कासिमिर चर्च बंद झाले. हा जुना पोलिश धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय. चर्चला कुलूप लागल्यावरही तिथली माणसे दर रविवारी बाहेर रस्त्यावर जमत राहिली. मिस्सा, म्हणजे धर्मगुरूने करायची मुख्य उपासना, नाही. नुसती प्रार्थना.

पण ही माणसे प्रार्थना करून थांबली नव्हती. त्यांच्या तक्रारी रोमला पोचल्या होत्या. २०१२ च्या मार्चमध्ये व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक खात्याने क्लीव्हलंडमधल्या १३ धर्मग्रामांच्या बाबतीत बिशपांचा निर्णय फिरवला. तिथल्या लोकांच्या श्रद्धेची कदर म्हणून नव्हे. धर्मग्राम बंद करण्याची जी रीत कायद्याने घालून दिली आहे, ती नीट पाळली गेली नव्हती म्हणून. त्याच वर्षी उन्हाळ्यात सेंट कासिमिरमध्ये पुन्हा मिस्सा झाली.

बिशप म्हणतील ती पूर्व दिशा, असा कॅथलिक चर्चबद्दल बाहेरच्यांचा समज असतो. आतल्याही बऱ्याच जणांचा असतो. तो अगदीच खोटा नाही. पण पुरता खराही नाही.

(दृश्य: जाड बांधणीचा ग्रंथ, उलटली जाणारी पाने.)

चर्चचा स्वतःचा कायदा आहे, आणि तो चांगलाच जुना आहे. ११४० च्या सुमारास बोलोन्यात ग्रेशियन नावाच्या अभ्यासकाने शतकानुशतके साठलेल्या, एकमेकांना छेद देणाऱ्या नियमांचा मेळ घातला. एकसंध संहिता मात्र यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१७ मध्ये पहिली संहिता जाहीर झाली, २४१४ कलमांची. तिच्यात प्रापंचिकांचा, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या साध्या भाविकांचा, हक्क म्हणता येईल असे जवळजवळ एकच कलम होते. धर्मगुरूंकडून आध्यात्मिक मदत, विशेषतः बाप्तिस्मा, विवाह यांसारखे संस्कार, मिळण्याचा हक्क. बाकी सगळा कारभार झग्यातल्यांचा.

२५ जानेवारी १९५९ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे जगभरातल्या बिशपांच्या सभेची, घोषणा केली, आणि त्याच भाषणात कायदा नव्याने लिहायचाही मनोदय सांगितला. बरोबर २४ वर्षांनी, २५ जानेवारी १९८३ ला, पोप दुसरे जॉन पॉल यांनी नव्या संहितेवर सही केली. १७५२ कलमे. पौर्वात्य परंपरेच्या कॅथलिक चर्चेससाठी १९९० मध्ये वेगळी संहिता आली. आपण इथे बोलतोय ते लॅटिन चर्चच्या, म्हणजे बहुसंख्य कॅथलिकांच्या कायद्याबद्दल.

या संहितेत २०८ ते २२३ ही सोळा कलमे सावकाश वाचावीत अशी आहेत. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचे हक्क आणि कर्तव्ये त्यांत एकत्र मांडली आहेत. पोप, बिशप, धर्मगुरू, व्रतस्थ भगिनी, शेवटच्या बाकावर बसणारी आजी, सगळे त्यात आले. सुरुवातच प्रतिष्ठेच्या समानतेने होते.

कलम २१२ बघा. त्याचा पहिला परिच्छेद सांगतो, मेंढपाळांचे, म्हणजे बिशप-धर्मगुरूंचे, ऐका. दुसरा सांगतो, आपल्या गरजा त्यांच्यापुढे मोकळेपणाने मांडा. तिसरा आणखी पुढे जातो. ज्याच्याकडे ज्ञान आहे, त्या विषयातला अधिकार आहे, त्याला चर्चच्या हिताबाबत आपले मत मेंढपाळांना आणि इतर भाविकांनाही कळवण्याचा हक्क आहे, आणि कधीकधी ते त्याचे कर्तव्यही ठरते. श्रद्धा, नीती आणि मेंढपाळांचा आदर सांभाळून, ही अट अर्थातच आहे. तरी गप्प बसणे हीच आज्ञाधारकता, असे हा कायदा कुठे म्हणत नाही. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत मान खाली घालून बसणाऱ्यांनी हे कलम एकदा तरी वाचायला हवे.

पुढची कलमेही अशीच आहेत. कोणाच्या नावाला विनाकारण बट्टा लावता येत नाही. संन्यास घ्या किंवा लग्न करा, अशी बळजबरी करता येत नाही. शिक्षा द्यायची तर कायद्यात बसेल तशीच देता येते. संस्काराबाबत कलम ८४३ म्हणते की योग्य वेळी, योग्य तयारीनिशी मागणाऱ्याला, कायद्याची आडकाठी नसेल तर धर्मगुरूने संस्कार नाकारू नये. कर्तव्यांच्या बाजूला चर्चच्या खर्चाला हातभार लावणे आहे, आणि सामाजिक न्यायासाठी झटणे व आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करणेही आहे. हे दुसरे कर्तव्य देणगीच्या आवाहनात फारसे ऐकू येत नाही.

(दृश्य: धर्मग्रामाचे कार्यालय. टेबलावर बाप्तिस्म्याची नोंदवही.)

आता पदे. चर्चमधले पद म्हणजे आध्यात्मिक उद्देशासाठी कायमस्वरूपी ठरवून दिलेले काम. ते रीतसर नेमणुकीशिवाय मिळत नाही. पैसे देऊन मिळवलेले पद तर मुळातच रद्दबातल. प्रत्येक पदाला जबाबदाऱ्यांचे लांबलचक शेपूट जोडलेले असते.

धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूचेच घ्या. त्याने चर्चजवळच्या निवासात राहायचे. वर्षाला फार तर एक महिना सुट्टी. आठवड्याहून जास्त बाहेर जायचे तर वरिष्ठांना कळवायचे. दर रविवारी आणि मोठ्या सणांना एक मिस्सा धर्मग्रामातल्या लोकांसाठी अर्पण करायची, कोणाचीही दक्षिणा न घेता. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या वह्या बिनचूक ठेवायच्या. माणसाचे लग्न झाले, त्याने व्रते घेतली किंवा त्याला गुरुदीक्षा मिळाली, तरी त्याची नोंद फिरून बाप्तिस्म्याच्याच वहीत, त्याच्या नावापुढच्या समासात होते. त्यामुळे लग्न ठरले की बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात. समासात आधीच्या लग्नाची, व्रतांची किंवा दीक्षेची नोंद असेल तर आधी तिचा खुलासा लागतो.

प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. पाळकीय परिषद, म्हणजे धर्मग्रामातल्या लोकांची सभा, मात्र बिशपांनी ठरवले तर, आणि तिला फक्त सल्ला देता येतो. पैशाला समिती सक्तीची आणि माणसांचा आवाज ऐच्छिक, ही मांडणी मला तरी खटकते.

धर्मगुरूला पदावरून काढायचे तर त्यालाही रीत आहे. त्याची काही मोठी चूक नसतानाही त्याची सेवा निष्फळ ठरत असेल तर त्याला काढता येते. कायद्यात दिलेल्या कारणांत एक असे आहे, की लोकांच्या मनात त्याच्याबद्दल अढी बसली आहे आणि ती इतक्यात निघेल असे दिसत नाही. पण बिशपांनी आधी धर्मगुरूंच्या परिषदेने निवडलेल्या गटातल्या दोन प्रमुख धर्मगुरूंशी चर्चा करायची. मग त्या फादरना पंधरा दिवसांत राजीनामा द्या म्हणून समजवायचे. ते नाही म्हणाले तर त्यांना कागदपत्रे पाहू द्यायची आणि त्यांचे म्हणणे लेखी घ्यायचे. शेवटी घर सोडायची वेळ येते तेव्हाही एक सोय आहे. फादर आजारी असतील आणि हलवण्यासारखे नसतील, तर गरज असेपर्यंत ते घर त्यांच्याचकडे राहू द्यावे. कायद्याच्या पुस्तकात इतकी माणुसकी क्वचित सापडते.

आत्म्यांचे तारण हा चर्चमधला सर्वोच्च नियम आहे, हे वाक्य प्रवचनांत नेहमी ऐकू येते. ते संहितेत कुठे आहे? एखाद्या भारदस्त प्रस्तावनेत नाही. ते शेवटच्या, १७५२ व्या कलमात आहे, आणि त्या कलमाचा विषय आहे धर्मगुरूची बदली.

(दृश्य: धर्मप्रांताचे दप्तर. कुलूपबंद कपाटे.)

बिशपांकडे वळूया. किमान वय ३५, धर्मगुरू होऊन किमान पाच वर्षे, आणि बायबल, ईशज्ञान किंवा चर्चचा कायदा यांत उच्च पदवी, नाहीतर त्यातले खरेखुरे प्रावीण्य. नाताळ, पवित्र आठवडा, ईस्टर अशा वेळी गंभीर कारणाशिवाय धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, सोडायचा नाही. धर्मप्रांताच्या कानाकोपऱ्यात पाच वर्षांत एकदा तरी भेट झालीच पाहिजे. बिशपांच्या अर्थसमितीवर त्यांचे जवळचे नातेवाईक घेता येत नाहीत, सोयरेसुद्धा. व्हिकर जनरल, म्हणजे बिशपांच्या वतीने कारभार पाहणारा, म्हणूनही आपल्या रक्तातला माणूस नेमता येत नाही. पुतण्या-भाच्यांची सोय लावण्याचा इतिहास चर्चच्या पाठीशी आहे, त्यामुळे हे लिहून ठेवावेच लागले.

आणि तरीही सत्ता एकाच हातात आहे. कलम ३९१ नुसार धर्मप्रांतात कायदे करणे, ते राबवणे आणि न्याय देणे, या तिन्ही गोष्टी बिशपांच्या. कारभार व्हिकर जनरल बघतात, न्यायनिवाडा ज्युडिशियल व्हिकर बघतात, पण दोघांचीही नेमणूक बिशपच करतात. प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दप्तर असते आणि त्याची किल्ली एकट्या बिशपांकडे. नैतिक गुन्ह्यांच्या खटल्यांतला आरोपी वारला, किंवा शिक्षेला दहा वर्षे उलटली, की तिथले कागद नष्ट करायचे. घटनेचा थोडक्यात सारांश आणि निकाल तेवढा ठेवायचा. मुलांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर हे कलम वाचताना पोटात गोळा येतो.

त्या प्रकरणांनी कायदा हलवला, उशिरा का होईना. २०१९ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकारांची तक्रार वरिष्ठांकडे करणे धर्मगुरू आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले. त्याच डिसेंबरात या खटल्यांवरचे ‘पोंटिफिकल सिक्रेट’ हे कडक गुप्ततेचे बंधन उठले. २०२१ मध्ये दंडविधानाचा अख्खा भाग नव्याने लिहिला गेला.

वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली की बिशपांनी राजीनामा पोपकडे पाठवायचा असतो. तो कधी स्वीकारायचा हे पोप ठरवतात. पोपच्या राजीनाम्याला मात्र कोणाच्याही स्वीकाराची गरज नाही. तो स्वेच्छेने दिलेला आणि नीट जाहीर केलेला असला की झाले. म्हणूनच ११ फेब्रुवारी २०१३ रोजी सोळावे बेनेडिक्ट यांनी लॅटिनमधून आपला निर्णय वाचून दाखवला तेव्हा समोरच्या कार्डिनलांना त्यावर मत द्यायचे नव्हते. फक्त ऐकायचे होते.

मग प्रापंचिकांना यात पदे किती? बरीच, पण एका रेषेपर्यंत. चॅन्सेलर म्हणजे दप्तरप्रमुख, अर्थप्रमुख, विवाहबंधाची बाजू मांडणारा अधिकारी, वकील, या जागांवर प्रापंचिक स्त्री-पुरुष बसू शकतात. २०१५ च्या सुधारणेनंतर विवाहाच्या खटल्यात तीन न्यायाधीशांपैकी दोघे प्रापंचिक असू शकतात. अध्यक्ष मात्र दीक्षा घेतलेलाच. २०२२ मध्ये रोमन कारभाराची, म्हणजे व्हॅटिकनच्या खात्यांची, नवी घटना आली आणि खात्याचा प्रमुख कोणीही भाविक होऊ शकतो असे तिने म्हटले. २०२५ च्या जानेवारीत सिस्टर सिमोना ब्राम्बिला व्रतस्थांविषयीच्या खात्याच्या प्रमुख झाल्या. दीक्षा नसलेल्यांना कारभाराची सत्ता कितपत देता येते, यावर कायदेपंडितांची खडाजंगी आजही संपलेली नाही. त्या वादात एक साधे कलम मागे पडते. चर्चची नेमून दिलेली सेवा करणाऱ्या प्रापंचिकाला त्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे नीट भागेल असा मोबदला मिळण्याचा हक्क आहे. कलम २३१.

(दृश्य: लिफाफा, त्यावरचा शिक्का, भिंतीवरचे कॅलेंडर.)

हक्क झाले, पदे झाली. आता क्लीव्हलंडच्या लोकांनी वापरली ती वाट. बिशपांच्या एखाद्या लेखी हुकुमाने आपल्यावर अन्याय झाला असे वाटले, तर थेट रोमला धावायचे नसते. आधी खुद्द बिशपांनाच लेखी विनंती करायची, की हा हुकूम मागे घ्या किंवा बदला. मुदत दहा दिवस. बिशपांनी तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा नकार दिला, तर पंधरा दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची. बिशपांच्या वर धर्मप्रांतात कोणी नसते, म्हणून हे प्रकरण रोमच्या खात्याकडे जाते. तिथेही समाधान झाले नाही तर अपोस्टोलिक सिग्नातुरा, चर्चचे सर्वोच्च न्यायालय. हुकूम हातात पडल्याचे ज्याला कळलेच नाही, किंवा ज्याला हालचाल करणे शक्य नव्हते, त्याचे ते दिवस मोजत नाहीत. पण कायदा माहीत नव्हता म्हणून बसून राहिलेल्याची गाडी सहसा सुटते.

१९८३ च्या संहितेच्या मसुद्यात यावर एक उपाय होता. स्थानिक पातळीवरच प्रशासकीय न्यायालये, म्हणजे बिशपांच्या हुकुमाविरुद्धचा निवाडा जवळच्या जवळ झाला असता. जाहीर होण्याआधी ती कलमे गाळली गेली. राहिला तो रोमचा लांबचा रस्ता. खर्चाचा, वेळखाऊ, आणि जाणकार वकिलाशिवाय चालायला अवघड. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर इथेच पडते असे मला वाटते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी एक बदल केला. संघातून काढून टाकलेल्या व्रतस्थांना दाद मागायला दहा दिवस अपुरे पडतात हे त्यांनी मान्य केले. एखादी भगिनी वीस-तीस वर्षे मठात राहिलेली असते. एके दिवशी हातात कागद पडतो, आणि दहा दिवसांत तिने वकील शोधावा, अर्ज लिहावा अशी अपेक्षा असते. आता ती मुदत तीस दिवसांची झाली आहे, आणि बिशपांना किंवा संघाच्या प्रमुखांना आधी विनंती करण्याची पायरीही तिच्यासाठी काढून टाकली आहे. धर्मग्राम बंद करण्याच्या हुकुमाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या भाविकांसाठी मात्र पहिली मुदत अजूनही दहाच दिवसांची आहे.