आक्काची सही

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या आत्याला घरात सगळे आक्का म्हणायचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. नाव बदललं, कुलदैवत बदललं, सुतकाचा हिशेबही बदलला. हा हिशेब जरा ऐका. सासरी कुणी चुलत सासरा गेला तर दहा दिवस. जन्म देणारा बाप गेला तर तीन. 2007 साली आजोबा गेले. चौथ्या दिवशी देवघरात दिवा लावायला आमच्या घरात एकटी आक्काच मोकळी होती. बापाच्या घरात, पण बापाच्या कुळाबाहेरची म्हणून.

पुढच्याच महिन्यात मात्र ती त्याच कुळातली निघाली. कारण सात-बारा.

आमच्याकडे पूर्वी वारसनोंद करताना मुलांची नावं कब्जेदार म्हणून लागायची आणि मुलींची, लागलीच तर, ‘इतर हक्कां’त. विहिरीतल्या पाण्याचा वाटा, सोसायटीचा बोजा आणि बहीण, सगळं एकाच रकान्यात! महाराष्ट्रानं 1994 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा जन्मजात हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे आक्का बाहेरच. मग 9 सप्टेंबर 2005 पासून देशभराचा कायदा बदलला आणि लग्नाची अट गेली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत का, यावर कोर्टात वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गरज नाही. आमचे आजोबा तर 2005 साली चांगले हिंडते-फिरते होते. तिघा भावंडांत आक्काचा वाटा सरळ होता.

म्हणून हक्कसोडपत्र.

आक्का सकाळच्या एस.टी.नं तालुक्याला आली. नोंदणीच्या कचेरीत काका म्हणाले, ‘‘आक्का, तू एवढी सही कर, बाकीचं आम्ही बघतो.’’ बाबा खिडकीबाहेर बघत होते. कारकुनानं विचारलं, ‘‘स्वखुशीनं करताय ना?’’ ती म्हणाली, ‘‘मला माहेर पाहिजे हो, जमीन घेऊन काय करू?’’ त्यावर कचेरीतले सगळे हसले. मीही हसले. फोटो निघाला, अंगठा उठला. काकूनं आणलेली हिरवी साडी तिथंच बाकावर तिच्या ओटीत घातली.

कुणी म्हणेल, प्रेमानं दिलं, त्यात तुझं काय जातं? प्रेम होतंच. पण भावानं बहिणीच्या प्रेमाखातर वाटा सोडल्याचा एक कागद मला त्या कचेरीत दाखवा, मग बोलू.

आक्काला मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेला. दिरांच्या घरात ती कडेच्या खोलीत राहायची, ब्लाउज शिवायची. शिवणकामाच्या पैशांतून तिनं तालुक्याला दोन खोल्या घेतल्या, स्वतःच्या नावावर. घरपट्टीची पावती ती पिशवीतून काढून दाखवायची, एखाद्या सर्टिफिकेटसारखी. मृत्युपत्र केलं नाही. ‘‘माझ्यामागं आहे कोण भांडायला?’’ म्हणायची.

ती गेली आणि काका वकिलाकडे गेले. मी सोबत होते. वकिलांनी 1956 च्या वारसा कायद्याचं पंधरावं कलम काढलं. हिंदू बाईनं स्वतः कमावलेली मिळकत, तिला मूल आणि नवरा नसेल, तर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईबाप त्यानंतर, भाऊ तर त्याच्याही मागे. पुरुष गेला तर असं होत नाही. त्याचं कमावलेलं बायकोच्या भावांकडे कधी जात नाही. म्हणजे खोल्या गेल्या दिरांच्या मुलांकडे. त्यांतल्या एकानंही तिला कधी दवाखान्यात नेलं नव्हतं.

वकिलांनी चष्मा काढला आणि सहज विचारलं, ‘‘वडिलांकडून वारशानं काही आलं होतं का त्यांना? तेवढं मात्र, मूल नसेल तर, माहेरी परत येतं.’’

काकांनी मान हलवली. ते तर 2007 सालीच लिहून घेतलं होतं. नसतं घेतलं, तरी आज आमच्याकडेच आलं असतं.

जिना उतरताना काका दोनदा म्हणाले, ‘‘पण आक्का तर आमची होती ना!’’

नमस्कार.