खोली कोणाच्या नावावर?

नमस्कार श्रोतेहो.

मोठ्या हॉटेलांचं सभासद होऊन तिथे राहिलं की खात्यात पॉइंट जमतात आणि पुढे त्या पॉइंटांवर खोली घेता येते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. फिरतीची नोकरी असलेल्यांच्या खात्यात ते साठत राहतात. आणि ज्या माणसांनी आपल्यासाठी जन्मभर घर सोडलं नाही, त्यांच्या खात्यात शून्य. खरं तर खातंच नसतं. हे पॉइंट त्यांच्यापर्यंत पोचवता येतात, आणि पोचवावेत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी आमच्या आत्याची गोष्ट सांगते.

आत्या आणि आतोबा मिरजेचे. मे महिना आला की आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे. एका खोलीत ओळीने आठ गाद्या पडायच्या, सकाळी त्या उचलायच्या, घड्या घालायच्या, आणि हे सगळं ती एकटी करायची. तिच्या लग्नाला 40 वर्षं झाली तेव्हा आम्ही ठरवलं, तिला तीन दिवस अशा खोलीत ठेवायचं जिथे तिला केरसुणी हातात घ्यायची नाही. गोव्यातलं एक हॉटेल पाहिलं. एका रात्रीला 20 हजार पॉइंट, तीन रात्रींना 60 हजार. आतेभाऊ बंगळूरला असतो, सतत फिरतीवर. त्याच्याकडे 38 हजार होते. माझे 13, धाकट्या बहिणीचे 9. बेरीज केली, बरोबर 60! माझं खातं सगळ्यांत जुनं, म्हणून सगळे पॉइंट माझ्याकडे वळवले आणि मीच बुकिंग केलं.

दोघं मिरजेहून बसने निघाली. आत्याच्या हातात वायरची पिशवी, पिशवीत चिवड्याचा डबा. आतोबांनी दोघांची आधार कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवलेली. संध्याकाळी सातला हॉटेलात पोचली. काउंटरवरच्या मुलीने कार्डं पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, पुन्हा कार्डं पाहिली. म्हणाली, "आजोबा, या नावाने बुकिंग नाहीये."

नव्हतंच. बुकिंग माझ्या नावावर होतं. माझं आडनाव वेगळं, आणि मी पुण्यात, ह्याच स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसलेली, फोन बंद! आतेभाऊ विमानात. दीड तास ती दोघं तिथे होती. आतोबा काउंटरपाशी उभे. आत्या त्या मोठ्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकलेली, पिशवी मांडीवर. त्या मुलीने त्यांना चहा दिला. तिचं काही चुकलं नव्हतं. ज्याचं नाव नाही त्याला खोलीची किल्ली द्यायची नाही, हा नियम योग्यच आहे. साडेआठला मी फोन चालू केला तर अकरा मिस्ड कॉल. खात्याला जोडलेल्या ई-मेलवरून मी दोघांची नावं कळवली आणि दहा मिनिटांत किल्ली मिळाली. दहा मिनिटांचं काम, श्रोतेहो. मी ते आधी केलं नव्हतं, म्हणून माझी आत्या दीड तास परक्यासारखी बसून राहिली.

तेव्हा आजची पहिली गोष्ट, आणि मी ती पुन्हा सांगणार आहे. पॉइंट कोणाचेही असोत, जो राहणार आहे त्याचं नाव बुकिंगवर हवं. आधी फोन करा, नाव घाला, आणि तसं लेखी मागून घ्या.

पुढचे तीन दिवस मात्र छान गेले. खोली आवरायला येणारा मुलगा चंदगडचा निघाला. आत्या रोज तो यायच्या आधीच पलंगावरची चादर ताणून, पांघरुणाची घडी घालून ठेवायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काकू, मला काही काम ठेवा की!" चिवड्याचा डबा त्याच्याकडेच गेला. न्याहारीला मात्र दोघांनी तिन्ही दिवस हॉटेलात इडली खाल्ली, त्याची मला अजून हळहळ वाटते. गोव्यात सकाळी बाहेर पडावं आणि छोट्या हॉटेलात बसून गरम पाव आणि पातळ भाजी खावी. तिथे जाऊन इडली खाणं मला पटत नाही. असो.

आता व्यवहाराचं. प्रत्येक हॉटेल-साखळीचा नियम निराळा. मॅरियटच्या बॉनव्हॉय या सभासद योजनेत एका सभासदाला वर्षाला 1 लाखापर्यंत पॉइंट दुसऱ्याला देता येतात, आणि घेणाऱ्याला 5 लाखांपर्यंत घेता येतात. पण खातं आज उघडलं आणि आजच पॉइंट घेतले, असं चालत नाही. थोडे दिवस आधी उघडावं लागतं. हिल्टनमध्ये आपण आणि आणखी 10 जण मिळून एकत्र साठा करू शकतो. हयातमध्येही पॉइंट एकत्र करता येतात. काही ठिकाणी देवाणघेवाणीला पैसे पडतात, ते आधी विचारा. ताजचं गणित सोपं आहे, तिथे पॉइंटांच्या जागी न्यूकॉइन मिळतात आणि एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया.

मुदतीकडे लक्ष ठेवा. मॅरियट आणि हिल्टन, दोन्हीकडे 24 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट जातात. साठवून ठेवणाऱ्यांना मी नेहमी सांगते, हे काही सोनं नाही. उद्या त्याच खोलीला जास्त पॉइंट मागितले तर आपण काही करू शकत नाही.

आणि पॉइंट विकू नका. आपल्या माणसाला देणं वेगळं, पैसे घेऊन देणं वेगळं. विकायला मनाई असते, आणि खातं बंद होऊ शकतं. तसंच पासवर्ड आणि ओटीपी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तो ग्रुप वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी ठीक आहे, आणि खरं सांगायचं तर शुभेच्छासुद्धा फोन करूनच द्याव्यात.

पुन्हा सांगते. जो राहणार, त्याचं नाव बुकिंगवर. घेणाऱ्याचं खातं आधी उघडलेलं. मुदत पाहिलेली.

आता आत्याच्या नावाने खातं उघडलंय. येत्या महिन्यात बहिणीच्या सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुण्यात. त्यांच्यासोबत राहायला आत्याच येतेय, आणि दवाखान्याजवळची खोली आम्ही पुन्हा पॉइंटवरच घेतली आहे. परवा तिचा फोन आला. प्रकृती विचारायच्याही आधी म्हणाली, "आमची दोघींची नावं घातलीस ना गं?"

घातलीत, आत्या. दोन्ही.

नमस्कार.