विहिरीच्या पाण्यासारखी हवा

(दृश्य: धुक्यातली पहाट, विहिरीचा काठ)

थंडीत भल्या पहाटे विहिरीतून काढलेल्या बादलीतून वाफा निघताना ज्यांनी पाहिल्यात, त्यांना पुढचं फार समजावून सांगावं लागणार नाही. ते पाणी कुणी तापवलेलं नसतं. वर हवा गारठते, पण जमिनीच्या पोटात उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते.

(दृश्य: एकाला एक लागून चार घरं, छपरांवर बर्फ)

हे जर्मनीतलं डार्मश्टाट. क्रानिखश्टाइन भागातल्या या चार घरांत १९९१ साली माणसं राहायला आली. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांचं कुटुंबही त्यांत होतं. पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे जवळजवळ न तापवता उबदार राहणारं घर, म्हणतात ते हेच. जाड इन्सुलेशन, तिहेरी काचा, फट म्हणून कुठं नाही.

फट नाही, तर ताजी हवा कुठून येणार? खिडकी उघडली की ऊब गेली! चौघांच्या घराला तासाला साधारण १२० घनमीटर हवा धरतात. बाहेर उणे १० आणि आत २० अंश असताना ती तापवायची, तर सव्वा किलोवॅटचा हीटर रात्रंदिवस चालू ठेवावा लागेल.

इथं बाहेरची हवा आधी जमिनीत पुरलेल्या नळीतून फिरवून आणली. मातीची ऊब घेत ती शून्याच्या वर येते, मग यंत्रात शिरते. तिथं पातळ पत्र्याच्या एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं घरातली शिळी हवा. दोघी मिसळत नाहीत, ऊब तेवढी इकडून तिकडं जाते.

खरं तर मोठं काम हे यंत्रच करतं, ८० टक्क्यांहून जास्त ऊब तेच परत मिळवतं. मग नळी कशाला? शिळ्या हवेत स्वयंपाकाची, न्हाणीघराची वाफ असते. समोरून थेट उणे १०ची हवा आली, तर ती वाफ यंत्रातच गोठून वाट बुजवते.

(दृश्य: नळीच्या आत, पाण्याचे थेंब)

उन्हाळ्यात उलटा त्रास. दमट हवा गार नळीत शिरली, की माठासारखं पाणी सुटतं, फक्त आतून. ते साचलं की कुबट वास. म्हणून नळीला उतार, सखल टोकाला निचरा, तोंडाशी गाळणी. हल्ली बरेच जण ही कटकटच नको म्हणतात. जमिनीत बारीक पाइप पुरून त्यात न गोठणारं द्रव खेळवतात. हवा वरच्या वर, गाडीच्या रेडिएटरसारख्या जाळीतून जाते. मातीत शिरतच नाही. द्रव फिरवणाऱ्या पंपाला वीज लागते ती जुन्या एका बल्बाएवढी.