ऊस, सोयाबीन आणि भावामागचा कायदा

शेतकरी श्रोतेहो, नमस्कार.

2025-26 साठी केंद्र सरकारने उसाला टनाला 3,550 रुपये दर ठरवला आणि सोयाबीनला क्विंटलला 5,328 रुपये. दोन्हींची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोगाचीच आणि मंजुरीही केंद्राचीच. तरी उसाचे पैसे थकले तर कारखान्याच्या साखरेवर टाच येते. सोयाबीन हमीभावाच्या खाली घेणाऱ्यावर मात्र केंद्राच्या कोणत्याही कायद्याने कारवाई होत नाही. आपल्याकडे पाणी मिळालं की माणूस उसाकडे वळतो, त्याचं एक मोठं कारण या फरकात आहे.

शेती हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. पण 1954 च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने अन्नधान्य, तेलबिया, वैरण, कापूस यांचा व्यापार समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारातल्या विषयांत आला आणि केंद्राला त्यावर कायदा करता येऊ लागला. लगेच 1955 मध्ये जीवनावश्यक वस्तू कायदा झाला. त्याच्याच आधाराने 1966 चा ऊस नियंत्रण आदेश निघाला. आपण एफआरपी म्हणतो ती, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, त्या आदेशात 2009 साली आली.

ही एफआरपी मोजायची कशी? 2025-26 च्या हंगामापुरतं सांगतो: 3,550 रुपये हा दर 10.25 टक्के उताऱ्याचा. उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे वाढतात. म्हणजे उतारा 11.25 असेल तर 346 रुपये जास्त, एकूण 3,896. उतारा कमी असेल तर याच हिशेबाने दर घटतो. पण साडेनऊच्या खाली कितीही गेला तरी 3,290 रुपये 50 पैशांपेक्षा कमी देता येत नाही. आपल्याकडे यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती समजा टनाला 900 रुपये धरली, तर हातात 2,996 येतात. बिल पाहताना उतारा, एकूण दर आणि तोडणी-वाहतूक हे तीन आकडे वेगवेगळे मागा. नुसता हातात पडलेला आकडा पाहून काही कळत नाही.

ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. तक्रार प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे करायची, सोबत वजनाच्या पावत्या जोडायच्या. साखर आयुक्त महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात, त्यालाच आपण आरआरसी म्हणतो. मग जिल्हाधिकारी शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली करतात. राज्य सरकारने 2022 मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये रद्द केला. केंद्राच्या आदेशात 14 दिवस लिहिलेले आहेत म्हणूनच शेतकऱ्यांना कोर्टात उभं राहता आलं.

आता सोयाबीन. हमीभाव हा सरकारी निर्णय आहे, कायदा नाही. नाफेड किंवा एनसीसीएफ या सरकारसाठी माल घेणाऱ्या सहकारी संस्थांचं केंद्र उघडलं तर तो मिळतो, आणि तिथे अटी असतात. ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेला माल तिथेच परत येतो. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, झाली नसेल तर सातबाऱ्यावर पेरा दिसत नाही आणि नोंदणी अडकते. केंद्रावर बारदाना संपला की काटा थांबतो. ज्याला दिवाळीपूर्वी पैसे हवेत तो इतकं थांबू शकत नाही. तो मिळेल त्या भावात माल देऊन मोकळा होतो.

भाताचं आणि गव्हाचं असं त्या मानाने कमी होतं, कारण तिथे दुसरा कायदा उभा आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरी भागातल्या 50 टक्के लोकांपर्यंत धान्याचा हक्क नेला: माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला 35 किलो. हा हक्क भागवायचा तर सरकारला धान्य खरेदी करावंच लागतं. भंडारा-गोंदियाच्या धानाला खरेदी केंद्र मिळतं त्यामागे हाही आधार आहे. कायद्याने दिलेल्या हक्कात डाळ नाही, तेल नाही. ताटात भात-पोळी हक्काची आणि वरण बाजारभावाचं, अशी ही रचना आहे. माझ्या मते ही त्या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव आहे.

आणि डाळ, कांदा महागला की तोच 1955 चा कायदा उलट्या बाजूने चालतो. जून 2023 मध्ये तूर-उडदावर साठा मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचे 200 टन, किरकोळ दुकानदाराला 5 टन. मर्यादेजवळ पोचलेला व्यापारी खरेदीला हात आखडतो आणि बाजार समितीत बोली उतरते. कांद्याची निर्यात 8 डिसेंबर 2023 ला बंद झाली, ती 1992 च्या परकीय व्यापार कायद्याखालच्या अधिसूचनेने; त्यासाठी संसदेत मतदान लागत नाही. तेव्हा बाजारात लाल कांदा होता. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, त्यामुळे थांबायची सोयच नव्हती. साठा मर्यादा केव्हा लावायची याला 2020 च्या दुरुस्तीने आकडा बांधला होता: फळं-भाज्यांचे भाव दुप्पट झाले तर, टिकाऊ धान्याचे दीडपट झाले तर. ही दुरुस्ती तीन कृषी कायद्यांपैकी एक होती; ते तिन्ही 2021 मध्ये मागे घेतले गेले, त्यांबरोबर ही अटही गेली.

हमीभावाचा कायदा करा, ही मागणी रास्त आहे. पण “हमीभावाखाली खरेदी हा गुन्हा” एवढं एकच वाक्य लिहिलं तर मंदीत व्यापारी लिलावालाच येणार नाही. ऊस आदेश चालतो, कारण घेणारा ठरलेला आहे, काट्याची पावती आहे, मुदत लिहिलेली आहे आणि जप्त करायला गोदामात साखर आहे. सोयाबीनच्या कायद्यात निदान इतकं हवं: नोंदणी केलेला खरेदीदार, वजन आणि ओलाव्याची छापील पावती, पैशांची मुदत आणि व्याज. शिवाय भाव पडल्यावर उरलेला माल सरकार किती घेणार आणि त्याचे पैसे कोणत्या तरतुदीतून देणार, हे आकड्यांत लिहिलेलं हवं.

नमस्कार.